हात गुंतलेल्यांचं वाचनालय

सोलापुरात कुणी 'वाचनालयात कार्यक्रम आहे' म्हणालं की कुठल्या वाचनालयात, असं विचारावं लागत नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयाचं किर्लोस्कर सभागृह. पुस्तक प्रकाशन, व्याख्यान, सत्कार, सगळं तिथं. ते शेठ हिराचंद नेमचंद म्हणजे वालचंद हिराचंद यांचे वडील. पण मोठ्या उद्योगपतीचे वडील एवढीच त्यांची ओळख सांगितली तर अन्याय होईल, कारण 'जैन बोधक' हे नियतकालिक त्यांनी याच गावातून चालवलं. मी तिथली जुनी सभासद आहे. पण आज लिहायचंय ते आमच्या वाचनालयाबद्दल. पूर्व भागातल्या चार गल्ल्यांपलीकडे त्याचं नाव कुणाला माहीत नाही, आणि मीही इथं सांगणार नाही. पुढं थोडं घरचं बोलायचंय.

दोन खोल्या, वर जाणारा अरुंद जिना, आणि जिन्याखाली यंत्रमागाचा कारखाना. माग सुरू असले की टेबलावरचं पेन थोडं थोडं सरकत कडेला येतं. नवा माणूस ते उचलून परत ठेवतो, जुना माणूस खिशाला लावतो. भिंतींना कपाटं, कपाटांत दोनेक हजार पुस्तकं. त्यांतली बरीचशी निर्लेखनाच्या, म्हणजे यादीतून काढून टाकायच्या, लायकीची झालीत, पण तसा ठराव मांडला की कमिटीतल्या कुणाला तरी आपल्या वडिलांनी दिलेलं पुस्तक नेमकं त्याच गठ्ठ्यात दिसतं. मी इथली कार्यवाह. म्हणजे दिवसा बँकेत नोकरी करायची आणि संध्याकाळी पावतीपुस्तक, दाखल नोंदवही आणि लाइट बिल सांभाळायचं.

दारावर पाटी आहे : शासनमान्य, 'ड' वर्ग. बाहेरगावच्या पाहुण्याला ती वाचून वाईट वाटतं, त्याला ते परीक्षेच्या निकालासारखं वाटतं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्यात सरकार स्वतः गल्लोगल्ली वाचनालयं काढत नाही. लोकांनी संस्था नोंदवायची, वाचनालय चालवायचं, आणि सरकारनं अ, ब, क, ड असा वर्ग ठरवून अनुदान द्यायचं. सोलापुरातून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात कर्नाटक लागतं. तिथला 1965 चा कायदा निराळा आहे. मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर, आणि ग्रंथालयं सरकारी खात्याची. कुठली पद्धत बरी, यावर आमच्या कमिटीत चहा संपेपर्यंत वाद चालतो. माझं मत असं, की आपल्या पद्धतीत वाचनालय लोकांच्या हातात राहतं हे खरंच, पण लोक गरीब असले की त्यांचं वाचनालयही गरीब राहतं.

'ड' वर्गाचं अनुदान बरीच वर्षं सालाला 30,000 रुपये होतं. 2022 मध्ये राज्यानं 60 टक्के वाढ केली, ते 48,000 झालं. त्यातला निम्मा भाग पगारावर धरला तर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला 2,000 येतात. आमच्या ग्रंथपालांना सगळी गल्ली मामा म्हणते. सकाळी ते एका झेरॉक्सच्या दुकानात बसतात, संध्याकाळी आमच्याकडे. 'भागतं का ओ मामा एवढ्यात?' असं कुणी विचारलं की 'भागतंय की' म्हणतात आणि पेपरातल्या एखाद्या बातमीवर विषय नेतात.

आमच्या वाचनालयाचं वर्ष कार्यक्रमांनी भरलेलं असतं. 12 ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांची जयंती म्हणून ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. मध्ये एखादं कथाकथन, दिवाळी अंकांचं प्रदर्शन. प्रत्येकाचा फोटो काढायचा आणि तपासणीच्या फाइलला लावायचा. आम्ही बॅनरवर साल छापत नाही, पुढच्या वर्षी तेच चालतं. पाहुण्यांना शाल, नारळ आणि एक पुस्तक. पाहुणे भाषणात 'वाचनसंस्कृती लोप पावत आहे' असं सांगतात आणि पुढच्या दोन रांगांतली शाळेतून आणून बसवलेली पोरं टाळ्या वाजवतात. हे सगळं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. वर्षातून एकदा खुर्च्या भरलेल्या बघितल्या की मामांना बरं वाटतं. पण या कार्यक्रमांतून नवा सभासद मिळाल्याचं मला आठवत नाही. सभासद आले ते दुसऱ्याच कशासाठी तरी.

सगळ्यात जास्त वाचली जाते ती आमच्या फलकावरची पाण्याची पाळी. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि कुठल्या भागाला केव्हा, ते मागं-पुढं होत राहतं. मामा ते कुठून कुठून विचारून आणतात आणि खडूनं लिहितात. ते वाचायला जिना चढून आलेली बाई पोराला बालविभागात सोडते, आणि पोरगं चित्रांचं पुस्तक सोडायला तयार होत नाही म्हणून वर्गणी भरते. आम्ही एकदा महिला दिनाचं व्याख्यान नेमकं पाण्याच्या दिवशी ठेवलं. वक्त्या आल्या, बायका आल्या नाहीत. तेव्हापासून कार्यक्रमाची तारीख ठरवताना आधी फलकाकडे बघायचं असा अलिखित नियम झालाय.

दुसरी गर्दी अभ्यासिकेची. अभ्यासिका म्हणजे आतली खोली, सहा टेबलं आणि एक पंखा. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. शहरातल्या खाजगी अभ्यासिकांची महिन्याची फी ज्यांना परवडत नाही ती पोरं आमच्याकडे. आमची पुस्तकं ती वाचत नाहीत, स्वतःची घेऊन येतात, आणि यावर कमिटीतले दोन ज्येष्ठ सदस्य अजून नाराज आहेत. 'वाचनालय का झोपायची खोली?' असं एकानं बैठकीत विचारलं होतं, कारण एक पोरगा टेबलावर डोकं ठेवून झोपलेला सापडला. त्याच्या घरी तीन माग चालतात आणि राहायची जागा मागांच्या मधली. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढं गेलेला असताना त्या खोलीत बसून कुणी एक प्रश्नपत्रिका जरी सोडवली तरी ती वाचनालयाची सेवाच म्हणायची. मुली मात्र कमी येतात. त्याचं कारण सरळ आहे : जिन्याखालचं संडास कारखान्याशी सामाईक आहे. ते वेगळं बांधायला पैसे कुठल्या शीर्षाखाली टाकायचे, हा प्रश्न मी मांडला की सगळे गंभीर होतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात.

आणि तिसरं काम म्हणजे कागद वाचून दाखवणं. बँकेची नोटीस, भविष्यनिर्वाह निधीचं पत्र, लाइट बिलावरची थकबाकी, दवाखान्याची फाइल. बिडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती मिळते, तिचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्या हंगामात मामांचा फोन आणि माझा फोन, दोन्ही वाचनालयाच्या मालकीचे होतात. ओटीपी येतो तो बाईच्या मुलाच्या मोबाइलवर, मुलगा पुण्याला, तो फोन उचलत नाही, आणि पोर्टल तोवर बंद पडतं. ग्रंथालयशास्त्रात याला संदर्भ सेवा म्हणतात की नाही, मला माहीत नाही. आमच्या वार्षिक अहवालात या कामाला रकानाच नाही, त्यामुळे ते होत नाही असंच कागदावर दिसतं.

रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं असं, की वाचकाचा वेळ वाचवा. दरवर्षी 12 ऑगस्टला ते फलकावर लिहिताना माझं लक्ष शेजारच्या पाटीवर जातं : 'वेळ सकाळी 8 ते 11, सायंकाळी 5 ते 8.' ही वेळ कुणाच्या वेळेवरून ठरली असेल? कचेरीत जाणाऱ्या कारकुनाच्या आणि पेन्शनरांच्या. सोलापूर हे मुळात पाळ्यांचं गाव. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, या गिरण्यांचा भोंगा वाजला की गल्लीतले निम्मे लोक निघणार आणि निम्मे परतणार. गिरण्या बंद पडल्या तरी पाळ्या संपल्या नाहीत, त्या यंत्रमागांवर गेल्या. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला झोपतो. दुपारी दोनला तो उठतो, चहा पितो, चौकात येतो, तेव्हा आमच्या दाराला कुलूप. असा माणूस वाचत नाही, असं आम्ही म्हणतो. दुपारची वेळ उघडायची तर मामांना झेरॉक्सचं दुकान सोडावं लागेल, आणि 2,000 रुपयांत ते मागायचं तोंड कुणाला नाही. म्हणून सध्या दुपारी एक निवृत्त शिक्षक किल्ली नेतात, तेही आठवड्यातून दोन दिवस. पेपर तेवढे बाहेर काढून ठेवतात. टेबलाभोवती बसलेले मागवाले 'आमच्या भागातलं काय आलंय?' विचारतात आणि सर मोठ्यानं वाचतात.

हे मोठ्यानं वाचणं मला घरून माहीत आहे. आमचं घर तेलुगू, शाळा मराठी. आजोबा गिरणीत होते, त्यांना सही येत होती, वाचता येत नव्हतं. पण जगातलं त्यांना सगळं ठाऊक असायचं, कारण चाळीच्या कट्ट्यावर एक जण पेपर वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. या गावाला ती सवय जुनी असावी. 1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर ज्या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी दिली, त्यांतले अब्दुल रसूल कुर्बान हुसेन 'गझनफर' हे वर्तमानपत्र चालवत. गिरणगावातलं पत्र ज्यांच्यासाठी निघायचं, त्या सगळ्यांना अक्षरओळख होती असं मला वाटत नाही. ते कुणीतरी वाचायचं आणि कुणीतरी ऐकायचं.

अव्वा, म्हणजे माझी आजी, बिड्या वळायची. पान भिजवायचं, पत्रा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. दोन्ही हात गुंतलेले, नजर सुपात. तिच्या मांडीवर पुस्तक कधी उघडलं जाणार? पण कान दिवसभर रिकामे. मी शाळेतून आल्यावर तिच्याशेजारी बसून धडा पाठ करायचे. ती मध्येच थांबवून तेलुगूत विचारायची, 'मग त्या राजाच्या बायकोचं काय झालं?' धड्यात बायको नसायची. मग मी काहीतरी रचून सांगायचे.

केरळात कन्नूरकडे बिडी कामगार एका मोठ्या खोलीत एकत्र बसून काम करत. त्यांच्यातला एक जण काम थांबवून बाकीच्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा, आणि त्याच्या बुडालेल्या मजुरीपोटी बाकीचे आपल्या वाट्याच्या थोड्या थोड्या बिड्या त्याला द्यायचे. 1969 मध्ये निघालेल्या दिनेश बिडी सहकारी संस्थेतही ही पद्धत चालू राहिली. त्याच्याही आधी, 1865 पासून, क्यूबातल्या हवाना शहरात सिगार वळणाऱ्यांसाठी असाच वाचक नेमला जाई. पगार कामगारच द्यायचे आणि कुठलं पुस्तक वाचायचं तेही तेच ठरवायचे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थोडा रागच आला. तंबाखू तीच, बोटं तीच, मग सोलापूरला हे का नाही?

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्याकडच्या बायका पान-तंबाखू घरी नेऊन बिड्या वळतात. एकत्र बसायची खोलीच नाही, मग वाचणारा कुणाच्या दारात उभा राहणार? शिवाय घरंही पांगली. 2006 मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावानं बिडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत झाली. पुढं तिकडंच रे नगर ही कामगारांची आणखी एक वसाहत उभी राहिली. हक्काचं पक्कं घर मिळालं ही फार मोठी गोष्ट, त्याबद्दल दुमत नाही. पण आमच्या नोंदवहीत त्या काळात एकामागून एक नावांवर रेघा पडल्या आणि पुढं मामांच्या अक्षरात 'कुंभारी' लिहिलेलं आहे. माणसं अक्कलकोट रस्त्याला गेली आणि पुस्तकं इथंच राहिली.

बायका एकत्र येतात ती एकच जागा उरते, बिडी कारखान्याची ब्रँच. वळलेला माल तिथं द्यायचा, तपासून घ्यायचा, छाट, म्हणजे नापास बिड्या, किती पडली त्यावर वाद घालायचा, नवं पान-तंबाखू घ्यायचं. यात बराच वेळ रांगेत जातो. त्या रांगेतल्या बायकांचे हात रिकामे असतात! दिवसातला तेवढाच वेळ. एरवी आम्ही ज्या वाचकाला 'वेळ नाही' म्हणून सोडून दिलं होतं, तिला आठवड्यातून काही तास सक्तीनं मोकळं बसवणारी व्यवस्था गावात आधीपासून होती, आणि आमचं तिकडं लक्षच नव्हतं.

कल्पना आमची नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना कित्येकांना माहीत असेल. पुस्तकांची पेटी एखाद्या सोसायटीत, कचेरीत, गावात ठेवायची आणि ठरावीक काळानं पेट्या आपसांत बदलायच्या. आम्ही पत्र्याची एक जुनी ट्रंक घेतली, तिच्यात पन्नासेक पुस्तकं भरली आणि ओळखीच्या एका ब्रँचमध्ये ठेवली. तिथल्या मुनीमजींनी आधी साफ नकार दिला. त्यांना वाटलं, युनियनचं काहीतरी असणार. पाककृती, मुलांच्या गोष्टी आणि भक्तिसंग्रह बघून ते निवळले.

कुठली पुस्तकं ठेवायची यावर मात्र आमचा अंदाज आणि बायकांची गरज जुळेना. मला वाटलं होतं, तेलुगू पुस्तकं हवीत. हैदराबादहून थोडी मागवली. ती उघडलीच गेली नाहीत, कारण पूर्व भागातली माझ्या वयाची आणि पुढची पिढी तेलुगू बोलते, वाचते मराठी. लक्ष्मीनारायण बोल्ली यांच्यासारखे दोन्ही भाषांत सहज वावरणारे आणि इकडचं तिकडं नेणारे लेखक सोलापूरनं दिले, पण ती लिपी येणारी घरं आता कमी झाली. ज्यांना तेलुगू लिपी येते त्या म्हाताऱ्यांना बारीक टाइप दिसत नाही. तेव्हा मराठी वाचायचं आणि तेलुगूत बोलायचं, असं ठरलं. अभ्यासिकेतली एक मुलगी तिच्या आईबरोबर ब्रँचमध्ये जातेच, ती रांगेत उभी राहून वाचायला लागली. पगार नाही, पण तिची अभ्यासिकेची फी आम्ही माफ केली. मामा याला 'आमचं कन्नूर' म्हणतात.

तिनं काय काय वाचून पाहिलं! वर्तमानपत्र चाललं, अग्रलेख चालला नाही. प्रेरणादायी आत्मचरित्रं तर अजिबात नाहीत. 'आम्ही काय कमी कष्ट केलेत?' असं एका अक्कांनी विचारलं आणि वाचणाऱ्या मुलीनं ते तिथंच सोडलं. सगळ्यात जास्त चाललं ते मारुती चितमपल्लींचं लेखन. ते सोलापूरचेच, जन्म 1932 चा. 2006 मध्ये साहित्य संमेलन सोलापुरात भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते, आणि 2025 च्या जूनमध्ये ते याच शहरात गेले. आयुष्यभर त्यांनी वनखात्यात नोकरी केली, नवेगाव, नागझिरा, मेळघाट या बाजूला. पक्षी आणि रानाच्या गोष्टींशी बिडी वळणाऱ्या बायकांचं काय नातं, असं मला वाटलं होतं. पण तेंदूचं पान रानातून येतं हे त्यांना माहीत होतंच. ते झाड कसं असतं, पान तोडायला कोण जातं, तिथं वाघ असतो का, हे मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं. एकीनं मग त्या पोरीलाच शिकवलं : कोवळं पान कसं ओळखायचं, शिरा जाड असल्या की वळताना कसं फाटतं. ते तिनं वहीत लिहून घेतलंय. मी तिला म्हटलंय, ती वही आपण दाखल करून घेऊ. नोंदवहीत लेखकाच्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं, यावर मामा अजून विचार करतायत.

हे सगळं गोड गोड चाललंय असं मात्र समजू नका. आता प्रत्येकीच्या शेजारी मोबाइल आहे, त्यावर मालिका नाहीतर भजनं चालू असतात. अव्वाचे कान रिकामे होते, यांचे नाहीत. त्या मुलीची परीक्षा आली की वाचन बंद पडतं. ब्रँचच्या मालकांनी उद्या नको म्हटलं तर ट्रंक उचलून आणावी लागेल. आणि फाइलीत लावायला या कामाचे फोटो नाहीत, कारण फोटो काढलेला बायकांना आवडत नाही. तपासणीला आलेल्या साहेबांना मी तोंडी सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, 'पण मॅडम, देवघेव नोंद?'

नोंद आहे. ब्रँचमध्येच एका वहीत बायका स्वतः सही करून पुस्तकं नेतात, सही येत नाही त्या अंगठा देतात. कमिटीतल्या ज्येष्ठांना पुस्तकं बुडतील अशी भीती होती. गेल्या मोजणीत तीन कमी भरली. त्यातलं एक रांगोळीचं, एक ज्ञानेश्वरीवरचं आणि एक लोणच्यांचं. लोणच्यांचं कुणाकडे आहे ते सगळ्या ब्रँचला माहीत आहे, मुनीमजींनाही. कैरीचा हंगाम संपल्यावर विचारू, असं त्यांचंच म्हणणं पडलं.